कोणी ठरवलं?

गाडीतून एकाऐवजी दोन माणसं उतरली, तेव्हा आमचे मालक दादा परब यांचा चेहरा पडला.

“एकच बाई येतली म्हटलंस मा?” ते माझ्या कानाशी कुजबुजले. “मगे ह्यो दुसरो कोण?”

“दादा, त्या आपल्याला तपासायला आल्यात. आणि ते त्यांना तपासायला.”

“म्हणजे सुनेवर सासू आणि सासवेवर आजेसासू?”

“तसंच काहीतरी.”

“आदी सांगूक नको?”

आधी सांगितलं होतं, दोनदा. पण काजूच्या हंगामात दादांचे कान ट्रकच्या आवाजाकडे लागलेले असायचे. बाकी सगळं वाऱ्यावर.

आमचा कारखाना वेंगुर्ल्याबाहेर, सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर. काजूच्या बिया विकत घ्यायच्या, वाळवायच्या, वाफवून फोडायच्या, आतला गर बोर्म्यात, म्हणजे आमच्या गरम हवेच्या कपाटात, तापवायचा, साल काढायची आणि प्रतवारी लावून डबे भरायचे. हंगामात साठेक बायका कामाला. मी सावंतवाडीच्या कॉलेजातून सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले आणि इथे लागले. कागदावर माझा हुद्दा ‘अन्नसुरक्षा गटप्रमुख’ असा भारदस्त होता. कारखान्यात मला सगळे ‘चेडू’ म्हणत. आमच्याकडे लहान मुलीला म्हणतात तसं.

त्या वर्षी हॅम्बुर्गची एक कंपनी आमचा हंगामभराचा माल घ्यायला तयार झाली होती. तोवर आमचा काजू मुंबईचे व्यापारी घेत आणि त्यांच्या नावाने परदेशी पाठवत. आता डब्यावर आमचं नाव लागणार होतं. अट एकच: अन्नसुरक्षा व्यवस्थापनाचं प्रमाणपत्र हवं, तेही त्यांच्याकडे मानलं जाणारं, आणि महिनाअखेरीच्या आत.

खरं तर एक प्रमाणपत्र आमच्याकडे होतं. दादांनी ते पुण्याच्या कोणा गृहस्थाकडून फोनवरून मिळवलं होतं. सोनेरी किनार, फुगीर शिक्का. कारखाना बघायला कोणी आलं नव्हतं. त्याची प्रत हॅम्बुर्गला पाठवली, तर तिथून अगदी नम्र उत्तर आलं की हे प्रमाणपत्र आम्हाला मान्य करता येत नाही, कारण ते देणाऱ्या संस्थेलाच कोणाची मान्यता नाही.

दादा भडकले होते. “शिक्को आसा, सही आसा. आणि काय व्हया तेंका?”

मी त्यांना समजावायला बसले. “दादा, प्रमाणपत्र देणाऱ्यांनाही कोणीतरी तपासावं लागतं. त्यासाठी देशोदेशी संस्था आहेत. आणि त्या सगळ्यांनी आपसांत करार केलाय, की तुम्ही पारखून घेतलेल्याचा शब्द आम्ही मानू, आमच्याकडच्याचा तुम्ही माना. त्या साखळीतलं असेल, तर वेंगुर्ल्यात दिलेलं प्रमाणपत्र हॅम्बुर्गला चालतं. मग त्यांना स्वतः इथवर यायला नको. आपलं त्या साखळीतलं नाही.”

दादांनी भिंतीवरच्या त्या सोनेरी चौकटीकडे बघितलं. मग म्हणाले, “म्हणजे तो पुण्याचो मानकरी नसताना कौल देय होतो.”

याहून चांगलं मला सांगता आलं नसतं.

कौल आमच्या गावी सगळ्यांना ठाऊक. गुरव देवीच्या पाषाणाला दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि प्रश्न घालतो. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. पण पाकळ्या लावायचा मान ठरलेल्या घराण्याचा. वाटेवरचा कोणी उठून कौल लावू लागला, तर गाव त्याला हसेल तरी किंवा हाकलेल तरी. दादांनी ती चौकट स्वतःच्या हाताने उतरवली आणि मला म्हणाले, “खऱ्या मानकऱ्याक बोलव.”

तर असे खरे मानकरी आज आले होते. पुण्याच्या खासनीस मॅडम, पन्नाशीच्या, पायात साधे बूट, हातात वही. आणि त्यांच्या दोन पावलं मागे हेगडे नावाचे उंच, टक्कल पडलेले गृहस्थ. मॅडम तपासणी कशी करतात ते बघायचं, एवढंच त्यांचं काम. तपासणी चालू असताना त्यांनी बोलायचं नाही असा नियम. ते खरंच बोलत नव्हते. चहा दिला की मान हलवत, पाणी दिलं की मान हलवत.

साल काढायच्या खोलीत जयवंती मावशीने पहिल्या पाच मिनिटांतच विचारलं, “ह्यो मुको काय गो?”

जयवंती मावशी तिथली मुकादम. तिच्या हाताखालच्या बायका ओळीने बसून चाकूच्या टोकाने साल उडवत होत्या. मी हळू आवाजात सांगितलं, हे मॅडमना बघायला आलेत.

“आणि ह्येका कोण बघता?”

“दुसऱ्या देशांतली, असंच काम करणारी माणसं येऊन ह्यांची संस्था तपासतात.”

“आणि तेंका?”

“त्यांना तपासायला ह्यांची माणसं जातात.”

मावशीने ओळीने बसलेल्या बायकांकडे पाहिलं. “म्हणजे आमच्यासारखीच मरे! फाटीफुडे बसान एकमेकाच्या उवा काढतत.”

बायका फिसकन हसल्या. खासनीस मॅडमनी वळून विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही. पण मला क्षणभर वाटलं, हेगडे साहेबांच्या ओठाचा कोपरा हलला. मालवणी त्यांना कळत असण्याचं काही कारण नव्हतं.

सकाळ चांगली गेली. मॅडमनी बायकांची नखं बघितली, बोर्म्याचं तापमान स्वतः वाचलं, बिया फोडायच्या यंत्रांपाशी बराच वेळ थांबल्या, एका डब्यावरचा क्रमांक निवडून “हा काजू कुठून आला ते दाखवा” म्हणाल्या. मी दाखवलं. डब्यावरून प्रतवारी, तिथून साल, तिथून फोडणी, तिथून थेट बियांच्या ट्रकपर्यंत. वर्षभर मी याच्यासाठी राबले होते. माझ्या अंगात हळूहळू बळ येऊ लागलं.

आणि तिथेच अडलं.

“या ट्रकच्या बियांत ओलावा अकरा टक्के आलाय,” मॅडम म्हणाल्या. “तुमची मर्यादा नऊ. तरी माल घेतलाय. कोणी ठरवलं?”

उत्तर मला माहीत होतं. आठवडाभर मी दादांच्या विनवण्या केल्या होत्या की काही झालं तरी कौलाचं काढू नका. ते हो म्हणाले नव्हते आणि नाहीही म्हणाले नव्हते.

“देवीन,” दादा म्हणाले.

“देवी म्हणजे? स्टोअर बघतात का त्या?”

“सातेरी देवी. देवळात असते.” मॅडमशी दादा बेताचं शुद्ध बोलत. “कौल घेतला. उजवा आला. म्हणून घेतला माल.”

मॅडमनी पेन उचललं. “आणि ओलावा मोजायचं यंत्र नको म्हणत होतं?”

“होय.”

“ही मुलगी?”

“तीही नकोच म्हणत होती.”

हेगडे साहेब दाराशी उभे राहून मॅडमकडे बघत होते. दादांकडे नव्हे, माझ्याकडे नव्हे. मॅडम आता काय करतात, हे बघायलाच ते एवढ्या लांबून आले होते. मॅडमना हा प्रश्न हलकेच बाजूला सारायचा असता, तरी सारता आला नसता.

“परबसाहेब, तुमच्या श्रद्धेबद्दल मला काही म्हणायचं नाही,” त्या म्हणाल्या. “पण माल घ्यायचा की परत पाठवायचा, हे ठरवणारा माणूस मला दिसला पाहिजे. त्याला ते का ठरवता येतं, हे कळलं पाहिजे. मला देवीची मुलाखत घेता येत नाही.”

मी दादांना बाहेर ओढलं. बियांच्या वाळवणाच्या कडेला उभं राहून, जवळजवळ रडकुंडीला येऊन म्हटलं, “दादा, एक वाक्य बोला. ‘मी मालक आहे, मी ठरवलं.’ खोटंही नाही ते. सही तुमचीच आहे. नंतर बिया उन्हात घालून नऊवर आणल्या, तेही दाखवता येईल.”

“खोटा नाय कसा? मी ठरवलंयच नाय.”

“पण ऑर्डर जाईल!”

“माका कळता गो.” ते वाळवणाकडे बघत होते. “देवीकडे विचारूक गेलंय, तिना सांगल्यान, आणि आता अडचण इली म्हणान सांगू की ती नव्हतीच? तुझ्या आयेन दिलेलो सल्लो तू असो नाकारशीत?”

आम्ही परत आत गेलो. दादांनी हात जोडून सांगितलं, “मॅडम, ठरवलं देवीनेच. तुम्हाला लिहायचं ते लिहा.”

मॅडमनी लगेच लिहिलं नाही. पेनाचं टोपण लावलं, परत काढलं.

“एक विचारू? उद्या हॅम्बुर्गमध्ये एखाद्या पोराच्या पोटात हा काजू गेला आणि ते आजारी पडलं, तर दोष कोणाचा?”

दादांनी त्या ट्रकची नोंद पुन्हा उचलून बघितली.

“ज्याने ठरवलं त्याचा ना? मग तो दोष तुम्ही कोणावर घालताय, ते एकदा बघा,” मॅडम म्हणाल्या. “जेवणाची वेळ झालीय. तीन वाजता पुन्हा बसू.”

दादांच्या घरून आलेलं सुरमईचं ताट मॅडमनी हसून परत केलं आणि आपला डबा उघडला. एरवी दादा यावर रुसले असते. आज त्यांचं लक्षच नव्हतं. ते अंगणात स्कूटरशेजारी उभे होते.

“बस मागे,” मला म्हणाले. “देवळात जावया.”

वाटेत मी मनाशी जुळवलं, की ते देवीची परवानगी मागायला चाललेत. ‘आये, ठरवलं मी असं सांगू दे.’ उजवा कौल आला तर सुटलो.

देऊळ भर दुपारी थंडगार. बाबी गुरव खांबाला टेकून पेंगत होता. दादांनी उठवलं, तसा तो काही न विचारता तळीवर हात धुऊन आला. पाषाण पुसला, परडीतल्या फुलाच्या पाकळ्या पाण्यात बुडवून दोन्ही अंगांना लावल्या आणि गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. देवीला, रवळनाथाला, सगळ्या जागेवाल्यांना, म्हणजे जागोजागच्या राखणदारांना, हाक मारून झाल्यावर त्याने दादांकडे बघितलं. आता प्रश्न सांगायचा.

“आये सातेरी,” दादा म्हणाले, “आजपातूर मी दर ट्रकाक तुझ्याकडे येय होतंय. घेव की नको, तुका विचारी होतंय. उद्या काय वाकडा झाला तर त्येचो डाग तुझ्यार येतलो, ह्या माझ्या ध्यानात इला नाय. चुकलंय. आता मी ट्रकाचा विचारूक येवचंय नाय.”

“व्हय म्हाराजा,” बाबी गुरव सवयीने म्हणाला. मग त्याला ऐकलेलं कळलं आणि त्याने डोळे पूर्ण उघडले.

“एकच विचारतंय. ह्या तुळसकरांचा चेडू, विनया. शिकलेला आसा. काजू घेवचो की नको ता हेना ठरवूचा, आणि मी त्याच्या मधी पडूचा नाय. ह्या माणूस ह्या कामाक बरा आसा काय? आसात तर उजवो दी. नसात तर डावो.”

मी सटपटले. पहिल्यांदा रागच आला. मी तीन वर्षं प्रयोगशाळेत घासलीत, वर्षभर इथे बुरशी मोजलीय, आणि मी बरी की नाही हे फुलाची पाकळी सांगणार? ओली पाकळी दगडाला का चिकटते, मला माहीत होतं. पाणी वाळलं की पडते. कुठली आधी, हे पाण्यावर, दगडाच्या खरबरीतपणावर, वाऱ्यावर. त्यात माझं काही नाही. हे सगळं मनात नीट मांडून झालं आणि लक्षात आलं, की माझे तळहात घामाने भिजलेत.

कारण दादा परब दिलेला कौल मोडणार नव्हते. डावा आला तर त्या संध्याकाळपासून मी कोणीही नव्हते. तीन वाजता मॅडमना सांगायला आमच्याकडे कोणीच नव्हतं.

देवळात वारा नव्हता. पाकळ्या हलत नव्हत्या. बाबी गुरवाने दोनदा पुटपुटून गाऱ्हाणं घातलं. मी दादांच्या घड्याळाकडे बघितलं, ते मात्र बघत नव्हते. एक माशी पाषाणावर बसली, उडाली, परत बसली. मी श्वास धरून उभी होते. नुसती फुंकर मारली तरी कुठलीतरी पडेल, असं वाटत होतं.

मग पडली. माझ्या डाव्या हाताच्या बाजूची.

मी मान खाली घातली. नोकरी गेली, ऑर्डर गेली, आणि आता घरी काय सांगू, एवढं सगळं त्या एका क्षणात मनात येऊन गेलं. तेवढ्यात बाबी गुरव मोठ्याने म्हणाला, “उजवो दिल्यान आयेन!”

मी वर बघितलं. देवी आमच्याकडे तोंड करून होती. तिचा उजवा हात माझ्या डावीकडे. पोरपणापासून हे देऊळ बघितलेल्या मला तेवढंही सुचलं नव्हतं.

दादांनी पाकळी उचलून माझ्या हातावर ठेवली. स्कूटर चालू करताना त्यांच्या सदऱ्याची पाठ ओलीचिंब दिसली.

“दादा, डावा आला असता तर?”

“ऑर्डर गेली असती.”

“आणि मी?”

“तू पण.” थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, “म्हणान तर घाम फुटलो माका.”

तीन वाजता दादांनी मॅडमना घडलं ते सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. बियांचं आता ही ठरवेल. मी विचारणार नाही, देवीलाही विचारणार नाही.

मॅडम त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे वळल्या. “तुम्हाला मान्य आहे?”

मला तोवर कोणी हे विचारलंच नव्हतं. “हो,” मी म्हणाले.

“अकरा टक्क्यांचा ट्रक दारात उभा आहे. परबसाहेब म्हणतात घे. तुम्ही?”

“परत पाठवते.”

“का? वाळवून नऊवर आणता येतो की.”

“आणता येतो. पण बी ओली असताना आत बुरशी धरली असेल, तर ती वाळवून जात नाही. तिने सोडलेलं विषही जात नाही. बाहेरून बी कोरडी दिसते, एवढंच. मागच्या वेळी आमचं नशीब, बिया फोडून बघितल्या त्या स्वच्छ निघाल्या.”

“आणि परत पाठवलात म्हणून त्यांनी तुम्हाला काढून टाकलं तर?”

मी दादांकडे बघितलं. दादा खुर्चीत जरा पुढे सरकले. “आता हिला कशी काढणार मॅडम? काढायचं तर परत देवीला विचारायला हवं. आणि विचारू काय? काम चोख करते म्हणून काढू का, असं विचारू?”

मॅडम हसल्या नाहीत, पण लिहिताना त्यांचं पेन क्षणभर थांबलं. मागच्या त्या ट्रकची त्रुटी त्यांनी लिहिलीच, आणि ती लहानही करून लिहिली नाही. “माणूस कसा निवडावा हा तुमचा प्रश्न. ती या कामाला लायक आहे की नाही, हे मी तिच्या शिक्षणावरून आणि कामावरून बघितलंय. आता ही पद्धत कागदावरच राहत नाही ना, ते मला दिसू दे. पुढच्या ट्रकांचे तिने घेतलेले निर्णय पाठवा. पटलं तर शिफारस करते.”

निघताना मॅडम पुढे गाडीत बसल्या. हेगडे साहेब मागे रेंगाळले. दिवसभराचं काम संपलं होतं, बहुतेक त्यामुळेच त्यांनी तोंड उघडलं. हलक्या आवाजात हिंदीत विचारलं, “फूल किस तरफ गिरा?”

“दाहिनी तरफ.”

त्यांनी मान हलवली. म्हणाले, त्यांचं गाव उडुपीजवळ. तिथेही फूल लावतात. आणि गाडीत जाऊन बसले.

प्रमाणपत्र महिनाअखेरीला आलं. हॅम्बुर्गने ते त्यांच्याकडच्या यादीत बघितलं आणि एका ओळीचं उत्तर पाठवलं, की मान्य आहे, माल भरा. पुढे मी स्वतः खासनीस मॅडमसारखंच तपासणीचं काम करू लागले, पुष्कळ कारखाने हिंडले. ‘सगळं हिच्याच हातात आहे’ असं म्हणणारे पुष्कळ मालक मला भेटले. असं कोणी म्हणालं की मी विचारते, तुमच्या जवळच्या माणसाचा माल हिने शेवटचा कधी परत पाठवला? तो प्रश्न मला कुठे मिळाला, ते सांगते.

मॅडम गेल्या त्याच आठवड्यात अर्जुन राऊळांचा ट्रक आला. राऊळ म्हणजे दादांच्या थोरल्या बहिणीचे यजमान. गोव्याकडून बिया आणून ते चार कारखान्यांना पुरवत. त्यांचा शब्द परबांच्या घरात कोणी खाली पडू देत नसे. वर त्या दिवशी आमचं कोठार जवळजवळ रिकामं होतं. दुसऱ्या दिवशीच्या फोडणीला बिया नव्हत्या, म्हणजे बायकांना बसून राहावं लागणार होतं. जयवंती मावशी ट्रक बघून बाहेरच आली.

मी पोत्यांत ठिकठिकाणी सळई घालून बिया काढल्या. यंत्राने अकराच्या वर दाखवलं. पुन्हा दुसऱ्या पोत्यांतल्या घेतल्या. तेच. मग मूठभर बिया कापून बघितल्या. काहींच्या गरावर काळसर डाग होते.

“हा माल घेता येणार नाही, काका,” मी म्हणाले.

“काय?” राऊळांना खरंच ऐकू गेलं नसावं. “गेल्या टायमाक असोच घेतलास मा? दोन दिस उनात घाला, खडखडीत होतलो. ल्हिवक काय, नऊ ल्ही.”

“डाग आहेत आत. नाही घेता येणार.”

“विश्राम!” त्यांनी आत बघून दादांना हाक मारली. “ह्या चेडू काय म्हणता ता आयक रे!”

दादा बाहेर आले. त्यांनी माझ्या हातातल्या कापलेल्या बिया बघितल्या. पोत्यात हात घालून मूठ भरून घेतली, कानाशी नेऊन वाजवली. मग ते रिकाम्या कोठाराकडे बघत राहिले, आणि कोठाराशी उभ्या असलेल्या जयवंती मावशीकडे.

“अरे बोल मरे,” राऊळ म्हणाले. “ट्रक उनात तापता.”

दादा मुठीतल्या बिया अंगठ्याने चाळत राहिले.

राऊळांनी त्यांना पुरतं ओळखलेलं होतं. ते पुढे आले, खांद्यावर हात टाकला, आवाज मऊ केला. “तुझ्या मनात काय ता माका कळता. चल, आमी दोगव देवळात जावया. बाबीक उठवया. कौल लावया. उजवो इलो तर उतरव, डावो इलो तर मी तोंडातून शब्द काढूचंय नाय, ट्रक परत नेतंय. देवीपेक्षा मोठा कोण आसा काय?”

याला दादा नाही कसं म्हणणार? आयुष्यभर त्यांनी याला कधीच नाही म्हटलं नव्हतं. त्यांचा हात सवयीने स्कूटरच्या किल्लीसाठी खिशाकडे गेलाही. इथे ना मॅडम होत्या, ना हेगडे. देवळात जाऊन आले असते, तर हॅम्बुर्गला काय, वेंगुर्ल्यालाही कळलं नसतं.

हात खिशात गेला आणि रिकामाच बाहेर आला.

“कौल झालो, भावोजी.”

“कधी?”

“त्या दिसा. ट्रकाचो नाय, माणसाचो. एकदा माणसाचो झालो की मगे दर ट्रकाक आयेक उठवूचा नाय.” मुठीतल्या बिया त्यांनी पोत्यात परत टाकल्या, हात झाडले. “माका कित्याक विचारतास? हेका विचारा.”

आणि ते आत निघून गेले. मागे वळून बघितलंही नाही.

राऊळांनी त्या रिकाम्या दाराकडे बघितलं. मग माझ्याकडे वळले. आता त्यांनी मला चेडू म्हटलं नाही. ट्रकच्या फाळक्यावर हात ठेवून त्यांनी विचारलं, “सांग. घेतंस?”

“नाही,” मी म्हणाले.

त्यांनी फाळका उचलून खिटी लावली.